लेकराला कार-टी ट्रायलसाठी अमेरिकेला नेताय? आधी एवढं वाचा

ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर परत उलटला आणि डॉक्टर म्हणाले बाहेर कार-टीची (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून त्यांना कॅन्सरवर सोडायची ट्रीटमेंट) एक ट्रायल चालू आहे, की आपण आईबाप लगेच तिकिटं बघायला लागतो. थोडं थांबा. आधी टाटा मेमोरियलला विचारा, कारण आयआयटी मुंबई आणि टाटाने मिळून केलेल्या नेक्सकार१९ या कार-टी ट्रीटमेंटला २०२३ मध्ये आपल्याकडे मान्यता मिळाली, ती १५ वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी आहे, पण लहान मुलांसाठी इथेच काही चालू आहे का हे कळायला एक अपॉइंटमेंट पुरते.

बाहेर जायचंच ठरलं तर ट्रायल कितव्या फेजची आहे ते विचारा. फेज १ मध्ये मुख्यतः किती डोस झेपतो, धोका काय, हेच बघतात. मूल बरं व्हावं असं तिथल्या डॉक्टरांनाही वाटतंच, पण ट्रायल ज्या प्रश्नासाठी उभी केलीय तो प्रश्न वेगळा असतो, आणि हे कन्सेंट फॉर्मवर सही करायच्या आधी घरात मोकळेपणी बोलून घ्या. सही केली तरी कधीही बाहेर पडता येतं. मूल साधारण सात वर्षांचं असेल तर त्यालाही विचारतात, तेव्हा "काही होत नाही रे" म्हणून त्याला गप्प करू नका, खरं सांगा.

पैशाचं आधी लेखी घ्या. ट्रायलमधलं औषध फुकट असलं तरी आयसीयू, तपासण्या, राहणं यातलं कोण काय भरणार हे स्पष्ट हवं. आणि कोणी "प्रयोग" म्हणून लाखो रुपये आगाऊ मागत असेल तर सरळ उठून या.

आता खरं काम. मुलाच्या पेशी काढतात, लॅबमध्ये बदलतात, त्यात काही आठवडे जातात, मग थोडी किमो देऊन त्या परत सोडतात. त्यानंतरचे पहिले दोन आठवडे सगळ्यात नाजूक. ताप चढतो, बीपी पडतं. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेडला ही ट्रीटमेंट दिली तेव्हा ती याच वादळात सापडली होती आणि टोसिलिझुमॅब या संधिवातावरच्या औषधाने सावरली, आज ते औषध अशा वेळी नेहमी हाताशी ठेवतात. पण औषध वेळेवर मिळायला कोणीतरी वेळेवर सांगावं लागतं ना? तिथे ३८ सेल्सिअस म्हणजे आपला १००.४, हे पाठ करून ठेवा, आणि न विचारता पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका, ताप झाकला जातो.

मेंदूवरही परिणाम होऊ शकतो आणि तिथे तुम्हीच लागता. नर्स इंग्लिशमध्ये नाव विचारणार, आकडे उलटे म्हणायला लावणार, एक वाक्य लिहून घेणार. तुमचं लेकरू मराठीत विचार करतं, त्यामुळे ते अडखळलं तर भाषेमुळे की आजारामुळे हे नर्सला कळणार नाही. म्हणून पेशी सोडायच्या आधीच मुलाकडून रोज एक ओळ मराठीत लिहून घ्या, वीसपासून उलटे आकडे म्हणून घ्या, आजीचं नाव विचारा. अक्षर वेडंवाकडं झालं, आजीचं नाव आठवेना, उगाच हट्टी किंवा गप्प झालं, तर रात्रीचे तीन वाजलेले असले तरी बेल दाबा. इंटरप्रिटर मागा, तिथल्या हॉस्पिटलला तो फुकट द्यावा लागतो, फोनवर का होईना. संकोच करू नका, आपण फार संकोच करतो.

डिस्चार्ज मिळाला तरी काही आठवडे हॉस्पिटलजवळच राहावं लागतं. रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउसला (आजारी मुलांच्या घरच्यांसाठी हॉस्पिटलजवळची राहायची सोय) अर्ज करायला सोशल वर्करला पहिल्याच भेटीत सांगा, तिथे स्वयंपाकघर असतं, वरणभात करता येतो, पण घरचं दही किंवा उरलेलं अन्न चालेल का ते विचारूनच द्या. आणि दोघांपैकी एकाने रात्री झोपायचंच, पाळी लावून.

परतायच्या आधी इथला डॉक्टर ठरवून तिथल्या टीमशी त्याचं बोलणं करून द्या. संसर्गाशी लढणारी अँटीबॉडी बनवणाऱ्या चांगल्या बी-पेशीही मरतात म्हणून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तीच अँटीबॉडी बाहेरून, बरेच महिने, कधी वर्षानुवर्षं लागतं, त्याच्या खर्चाची सोय बघा. फॉलोअप १५ वर्षांचा असतो, तेव्हा पेशी कोणत्या तारखेला सोडल्या, कोणता डोस, ही सगळी कागदं मूळ प्रतींसकट हँडबॅगेतच आणा.