लूपच्या बाहेर आकडा शून्य का होतो?

हिंजवडीतल्या पहिल्या नोकरीत मला सपोर्ट टीममध्ये बसवलं आणि आठवड्याभरात एक काम हातात दिलं. रात्रीच्या बॅकअपच्या लॉगमधून किती फाइली राहिल्या ते मोजायचं, त्यांची नावं जमवायची आणि सकाळी मेल करायचा. मी बॅश स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे बॅश या शेलला (टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला) द्यायच्या कमांडची फाइल. हव्या त्या ओळी शोधणाऱ्या ग्रेपचा निकाल पाइपने (एका कमांडचा निकाल दुसरीला देणाऱ्या उभ्या रेघेने) एकेक ओळ वाचणाऱ्या व्हाइल रीडच्या लूपला दिला, लूपमध्ये आकडा एकेकाने वाढवला आणि शेवटी छापला. रोज शून्य यायचा, आम्ही निर्धास्त. चौथ्या दिवशी एक फाइल परत आणायची वेळ आली, तर ती बॅकअपमध्ये नव्हतीच.

त्या दुपारी मी लूपच्या आत किंमत छापणारा एको टाकला. एक, दोन, तीन... आकडा व्यवस्थित वाढत होता. लूप संपल्याच्या पुढच्याच ओळीत पुन्हा शून्य. वेगळी प्रोसेस चालतेय का, असा संशय आला म्हणून डबल डॉलरने प्रोसेसचा क्रमांक आत-बाहेर छापला. दोन्हीकडे तोच! म्हणून तो विचारच सोडून दिला, आणि तिथेच फसलो.

संध्याकाळी ओळी खोलीवरच्या पार्टनरच्या मॅकमध्ये, टर्मिनलवर चिकटवून पाहिल्या. तिथे आकडा बरोबर. आता तर काहीच कळेना.

दुसऱ्या दिवशी टीममधल्या ताईंनी एकच प्रश्न विचारला, "पाइपच्या पलीकडे काय चालतंय ते बघितलंस का?" बॅश पाइपमधला प्रत्येक भाग स्वतंत्र सबशेलमध्ये, म्हणजे शेलच्या वेगळ्या प्रतीत, चालवतं. सबशेलला व्हेरिएबलची (किंमत ठेवलेल्या नावाची, इथे आकड्याची) प्रत मिळते. वाढते ती प्रत, आणि लूप संपला की सबशेलबरोबर तीही जाते. डबल डॉलर मात्र सबशेलमध्येही मूळ शेलचाच क्रमांक दाखवतं. खरा क्रमांक हवा तर बॅशपिड बघायचं, किंवा बॅश-सबशेल हे व्हेरिएबल छापायचं. माझ्या लूपमध्ये ते १ आलं, बाहेर ०. मॅकवर २०१९ च्या कॅटॅलिना आवृत्तीपासून नव्या खात्यात टर्मिनल झेड-शेल हे वेगळं शेल उघडतं, आणि ते पाइपचा शेवटचा भाग चालू शेलमध्येच चालवतं, म्हणून तिथे चूक दिसली नाही.

नुसती मोजणी हवी असेल तर लूपच नको, ग्रेपचा ओळी मोजणारा सी पर्याय पुरतो. मला नावंही हवी होती, म्हणून पाइप काढला आणि ग्रेपचा निकाल प्रोसेस सबस्टिट्यूशनने (कमांडचा निकाल फाइलसारखा वाचायला देण्याच्या सोयीने) लूपच्या शेवटी, डनच्या पुढे दिला. त्यामुळे लूप मूळ शेलमध्येच चालतो. मात्र हे बॅशचं आहे. उबुंटू या लिनक्समध्ये २००६ पासून एसएच म्हणजे डॅश हे वेगळं, साधं शेल, त्यामुळे एसएच लिहून हीच स्क्रिप्ट चालवली तर सिंटॅक्स एरर येते. पहिल्या ओळीत बॅश लिहा आणि फाइल थेट चालवा.

नव्यांना माझं एक कळकळीचं सांगणं: एकोवर विसंबू नका. अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेलं व्हेरिएबल शेल स्पेस, टॅब आणि नव्या ओळीवर तोडतं. एको ते तुकडे एकेका स्पेसने जोडून दाखवतं, म्हणून किंमत शहाण्यासारखी दिसते. डिक्लेअर पी वापरा, ते किंमत अवतरणात घालून दाखवतं, शेवटी चिकटलेली स्पेससुद्धा दिसते. सेट एक्स लावलं की प्रत्येक कमांड व्हेरिएबलच्या जागी किंमत भरून, चालण्याआधी छापली जाते. या छापलेल्या ओळींच्या आधी येणाऱ्या पीएस-४ मध्ये लाइन-नंबर घातला तर ओळही कळते. व्हेरिएबलचं नाव लिहिताना एखादं अक्षर चुकलं तर सेट यू तिथेच थांबवतं. फाइली पुसणाऱ्या आरएमच्या ओळीत रिकामं व्हेरिएबल काय करू शकतं हे ज्याने पाहिलंय, तो सेट यू विसरत नाही. तरीही ते फक्त न नेमलेलं व्हेरिएबल पकडतं. नेमलेलं पण रिकामं असेल तर नावापुढे कोलन आणि प्रश्नचिन्ह लावून, महिरपी कंसातच अडवावं लागतं.

आणि शेलचेक, म्हणजे स्क्रिप्टमधल्या चुका शोधणारं साधन, आधी चालवा. माझी चूक ते २०३० आणि २०३१ या दोन इशाऱ्यांनी सरळ दाखवतं. दोन दिवस लागले ते काम अर्ध्या मिनिटाचं होतं.

दुरुस्त स्क्रिप्ट मी जुन्या तीन रात्रींच्या लॉगवर पुन्हा चालवली. सतरा नावं निघाली. ती यादी घेऊन मी ताईंच्या टेबलापाशी गेलो, आणि आम्ही एकेक फाइल शोधायला बसलो.