छोटी सिंगल-शॉट रायफल घ्यायची आहे? दुकानात जाण्याआधीची तयारी

काउंटरवर ठेवलेली ती रायफल तुम्हाला आवडणारच. आठकोनी नळी, अक्रोडाचा दस्ता, पोलादावर उमटलेले निळे-तपकिरी ढग आणि एका वेळी एकच काडतूस घेणारी जुनी यंत्रणा. म्हणून ठरवायचं ते घरी बसून ठरवा आणि मगच दुकानात जा. मी हे पेनसिल्व्हेनियातून लिहितो आहे. इथल्या एका छोट्या क्लबाच्या रेंजवर बरीच वर्षं दर रविवारी एकगोळी रायफलने नेम धरतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत गाजलेल्या रायफलींच्या आज बनणाऱ्या प्रतिकृती हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. या यादीतलं बरंचसं मी चुकून शिकलो.

सगळ्यात आधी कागद. अमेरिकेत एच-वन-बी, एफ-वन अशा व्हिसावर असाल, तर फेडरल कायद्याने बंदूक विकत घेता येत नाही आणि जवळही बाळगता येत नाही. चालू शिकारीचा परवाना हा त्यातला नेहमीचा अपवाद. तेव्हा रेंजवर मित्राने आग्रह केला तरी हातात घेण्याआधी आपली स्थिती नीट तपासा. ग्रीन कार्डवाल्यांना घेता येते. ‘तू तुझ्या नावावर घे, मी पैसे देतो’ हा प्रकार कुणाशीच करू नका, तो गंभीर फेडरल गुन्हा आहे. दुसरी गल्लत जुन्या-नव्याची होते. १८९८ किंवा त्याआधी बनलेली अस्सल रायफल फेडरल कायद्यात पुराणवस्तू धरतात. पण तिच्यासारखी दिसणारी, आजचं काडतूस चालणारी प्रतिकृती ही सरळसरळ आजचीच बंदूक. दुकानातून नवी घ्याल तर ती परवानाधारक विक्रेत्याकडूनच मिळणार, ४४७३ नंबरचा फॉर्म भरून आणि पार्श्वभूमीची तपासणी होऊन. ऑनलाइन मागवली तरी ती आधी त्याच्याच दुकानात येते. राज्याचे नियम वेगळे. न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी पोलिसांकडून मिळणारं खरेदी-ओळखपत्र आधी काढून ठेवावं. माझ्याकडे, डेलावेअर नदीच्या अलीकडे पेनसिल्व्हेनियात, लांब नळीच्या बंदुकीला ते लागत नाही.

मग स्वतःला विचारा, मी किती लांबवर आणि कसा मारणार आहे? हा प्रश्न टाळून पुढचं काहीही ठरत नाही. आमच्या रेंजवर ५० आणि १०० यार्ड आहेत. उभं राहून, कुठलाही आधार न घेता मारायचं असेल तर रायफल एका प्रकारची लागते, टेबलावर टेकून मारायचं असेल तर दुसऱ्या. काळ्या दारूच्या सिल्हूएट स्पर्धेत लोखंडी कोंबड्या, डुकरं, टर्की आणि मेंढे २००, ३००, ३८५ आणि ५०० मीटरवर उभे असतात. तिथे लहान रायफल घेऊन जाण्यात अर्थ नाही, मोठी काडतुसं हवीत. ‘छोटी’ घ्यायची म्हणजे आपण १०० यार्डांच्या आतले नेमबाज आहोत हे मनापासून मान्य करायचं. त्यात कमीपणा काही नाही. पॅरिसमध्ये २०२४ साली आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक घेतलं ते ५० मीटरवर, पॉइंट टू टू (०.२२ इंची) काडतुसाने. त्या प्रकारातही एकेकच गोळी भरावी लागते, मॅगझिन चालत नाही. आणि तिथला दहाचा गोल अवघा १०.४ मिलिमीटरचा असतो.

यंत्रणा निवडताना तीन-चार घराणी समोर येतील. जॉन ब्राउनिंगने यूटातल्या ऑग्डेन गावी तयार केलेल्या रायफलला १८७९ मध्ये पेटंट मिळालं. विंचेस्टरने ते हक्क १८८३ मध्ये विकत घेतले आणि तीच रायफल १८८५ चं मॉडेल म्हणून बाजारात आणली. तिचे दोन प्रकार, हाय वॉल आणि लो वॉल. चापाच्या खालचा लिव्हर पुढे ढकलला की पोलादाचा ठोकळा सरळ खाली उतरतो आणि नळीचं मागचं तोंड उघडं पडतं. लो वॉलमध्ये त्या ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती कापून खाली घेतल्यात. बारीक काडतूस भरताना अंगठा किती सहज आत जातो, हे हातात घेतल्यावरच कळतं. इटलीच्या उबेर्तीने बनवलेल्या प्रती इथे मिळतात. उबेर्तीचीच रेमिंग्टनच्या धर्तीची छोटी रोलिंग ब्लॉकही आहे. तिच्यात आधी घोडा मागे ओढायचा आणि मग ठोकळा अंगठ्याने मागे लोळवायचा. ती वजनाला हलकी, रचनेला साधी. कियाप्पाची लिटल शार्प्स म्हणजे मूळ शार्प्सची आकाराने घटवलेली आवृत्ती. स्टीव्हन्सच्या फेव्हरिटचं रूप सॅव्हेजने पुन्हा काढलं होतं, ती आता जुन्या बाजारात शोधावी लागते. ती मुलांच्या अंगाची रायफल, मोठ्या माणसाच्या खांद्याला तोकडी पडते. माझं मत विचाराल तर निव्वळ नेमासाठी लो वॉल.

काडतूस कुठलं? पहिली रायफल असेल तर पॉइंट टू टू लाँग रायफल, यावर मी फार वाद घालणार नाही. दारूगोळा स्वस्त, धक्का जवळजवळ नाही आणि चूक झाली तर ती तुमचीच असते, धक्क्याला दोष देता येत नाही. सातारला एनसीसीत असताना सतरंजीवर पालथं पडून २५ यार्डांवर आम्हाला पाच राउंड मिळायचे ते याच काडतुसाचे. ते पाच आजही एकेक आठवतात. त्याहून जरा दमदार हवं असेल तर पॉइंट थ्री फाइव्ह सेव्हन मॅग्नम घ्या, त्याच नळीत थर्टी-एट स्पेशल ही मवाळ काडतुसंही चालतात. थर्टी-टू-ट्वेंटी आणि थर्टी-एट-फिफ्टी-फाइव्ह ही जुन्या काळची गोड काडतुसं आहेत, पण ती घरी स्वतः भरणाऱ्यांसाठी. त्यातही थर्टी-एट-फिफ्टी-फाइव्हच्या नळ्यांची आतली मापं एकसारखी नसतात. मऊ शिशाची गोळी नळीतून ठोकत बाहेर काढून मायक्रोमीटरने मोजल्याशिवाय त्यासाठी शिशाच्या गोळ्या मागवू नका.

आता वजन. इथे मी फसलो होतो, म्हणून जरा रेंगाळतो. आठकोनी नळीचं बाहेरचं माप तेच ठेवून आतलं भोक लहान केलं की पोलाद जास्त उरतं. म्हणजे एकाच मॉडेलमध्ये पॉइंट टू टूची रायफल मोठ्या काडतुसाच्या रायफलीपेक्षा जड भरते. कॅटलॉग बघताना हे डोक्यात येत नाही. मनात असतं, छोटं काडतूस म्हणजे हलकी बंदूक. माझी पहिली लो वॉल ३० इंची नळीची होती. दुकानदार म्हणाला, ‘लांब नळी नेमाला चांगली.’ पॉइंट टू टूच्या दारूचं काम तर नळीच्या पहिल्या १६-१८ इंचांतच उरकतं. पुढच्या लांबीने वेग वाढत नाही, फक्त दोन साइटमधलं, म्हणजे नेम धरायच्या मागच्या आणि पुढच्या खुणांमधलं, अंतर वाढतं आणि तोंडाशी वजन येतं. टेकून मारताना ती रायफल खडकासारखी स्थिर होती. उभं राहून मारताना मात्र विसाव्या गोळीला डावा दंड थरथरायला लागायचा आणि नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे पुढची साइट, काळ्या गोलाभोवती फिरत राहायची. वर्षभराने ती विकली आणि २६ इंची घेतली. थोडं वजन उभ्या नेमाला हवंच, फार हलकी रायफल श्वासाबरोबर हलते. पण किती, ते तुमच्या हातांना विचारा. काउंटरवर परवानगी घेऊन, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, रायफल खांद्याला लावा आणि मनात साठ मोजा. खाली ठेवा, पुन्हा लावा. असं पाच वेळा केलं की उत्तर मिळतं.

त्याच वेळी दस्ता बघून घ्या. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. साइटच्या रेषेत बघण्यासाठी मान लांबवावी किंवा गाल उचलावा लागत असेल तर तो दस्ता तुमचा नाही. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतची लांबी बऱ्याच प्रतींमध्ये साडेतेरा इंचांच्या आसपास असते. माझी बायको पाच फूट एक इंच उंच आहे, तिला ती जास्तच होते. दस्त्याच्या टोकाला चंद्रकोरीसारखी पोलादी पट्टी असेल तर ती दिसते सुरेख, पण तिची जागा खांद्यावर नव्हे, खांदा आणि दंडाच्या सांध्याशी असते. पॉइंट टू टूला चालून जाईल, थर्टी-एट-फिफ्टी-फाइव्हला टेबलावर बसून मारलंत तर दुसऱ्या दिवशी तिची टोकं कुठे रुतली ते दिसेल. नेमासाठी सपाट, रुंद पट्टीचा दस्ता मागा.

चाप दोन प्रकारचा मिळतो, साधा एकेरी किंवा दुहेरी. दुहेरीत मागचा चाप ओढून यंत्रणा ताणायची आणि पुढच्याला नुसतं बोट लावायचं. नवशिक्याने साधा घ्यावा असं मी म्हणेन, फक्त तो स्वच्छ तुटणारा हवा. घासत, अडखळत मागे येणारा चाप तुमची सगळी मेहनत खातो. दुकानात स्प्रिंगचा काटा मागून ओढ मोजा. मात्र पॉइंट टू टूचा घोडा रिकाम्या नळीवर आपटू नका. काडतुसाच्या कडेवर पडायची पिन नळीच्या काठावर पडते आणि तिथे खड्डा पाडते. खोटं काडतूस खिशात घेऊनच जा आणि ते भरण्याआधी दुकानदाराला दाखवा.

साइटसाठी पैसे वेगळे काढून ठेवा, निदान रायफलच्या किमतीचा चौथा हिस्सा. रायफलबरोबर येणारी इंग्रजी व्ही अक्षरासारखी मागची साइट शोभेची समजा, चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना तर ती धूसरच दिसते. चापाच्या मागे, दस्त्याच्या बारीक मानेवर उभी राहणारी टँग साइट घ्या. तिच्या बारीक छिद्रातून बघायचं आणि पुढे नळीच्या टोकावर गोल कडं बसवायचं. कड्यात काळा गोल मावतो आणि त्याच्याभोवती पांढऱ्याची बारीक किनार उरते. ती किनार चहूबाजूंनी सारखी दिसली की चाप. हिशोबही सोपा आहे. दोन साइटमध्ये ३४ इंच अंतर असेल तर मागची साइट एक शतांश इंच वर घेतल्यावर ५० यार्डांवर गोळी साधारण अर्धा इंच वर लागते. आणि ५० यार्डांना जुळवलेली पॉइंट टू टू १०० यार्डांवर सहा-सात इंच खाली जाते, म्हणजे साइटला तेवढी उंची हवी. विकत घेण्याआधी रायफलच्या मानेवर टँग साइटची भोकं आहेत का आणि त्यांच्यातलं अंतर तुम्ही निवडलेल्या साइटशी जुळतं का, हे मोजपट्टीने मोजा. नंतर भोकं पाडत बसणं म्हणजे नव्या पोलादाची खराबी.

काउंटरवर आणखी थोडी मिनिटं घ्या. लिव्हर हळू उघडा, काडतूस किती बाहेर येतं ते बघा. लो वॉल ते बाहेर फेकत नाही, नुसतं सरकवते, नखाने धरता येईल इतकं तरी सरकायला हवं. लिव्हर बंद केल्यावर घोडा पूर्ण चढलेला राहतो की अर्ध्यावर थांबतो, ते मॉडेलनुसार बदलतं, म्हणून दुकानदाराकडून करून घ्या आणि घरी तेच वहीत लिहा. नळीत उजेड टाकून मागून बघा. इटलीत तपासणी झाल्याचे शिक्के नळीवर असतात, चौकटीतली दोन अक्षरं तपासणीचं वर्ष सांगतात. दुकानात बराच काळ पडून असलेला माल त्यावरून ओळखू येतो. स्क्रूची डोकी विस्कटलेली दिसली तर ‘नवी आहे’ यावर विश्वास ठेवू नका.

घरी आणल्यावर लगेच स्पर्धेला जायची घाई करू नका. पाच-सहा प्रकारची काडतुसं एकेक डबी आणा, त्यात ४० ग्रेनची साध्या वेगाची दोन-तीन तरी असू द्या. वेगवान काडतुसं ध्वनीच्या वेगापेक्षा जोरात निघतात आणि वाटेत त्या वेगाखाली येताना डगमगतात. सीसीआयच्या साध्या डबीवर १०७० फूट प्रतिसेकंद लिहिलेलं असतं, सुरुवात तिथून करा. ५० यार्डांवर, टेकून, प्रत्येक प्रकाराचे पाच गोळ्यांचे पाच कागद करा. डबी बदलताना नळी पुसू नका, पण नव्या डबीच्या पहिल्या दहा गोळ्या हिशोबात धरू नका. माझ्या २६ इंचीला सगळ्यात महाग काडतूस आवडलं नाही, मधल्या किमतीचं आवडलं. जे जुळलं त्याच्या एकाच लॉटच्या डब्या घ्या.

कान आणि डोळ्यांचं रक्षण, रिकाम्या नळीत घालायचा रंगीत झेंडा, साफसफाईची एक अखंड सळई हे आधीच बॅगेत हवं. या रायफली मागून साफ करता येतात, तोंडाकडून सळई घालू नका. ढगांचे रंग फार पातळ थराचे असतात, त्यांना नुसता तेलाचा हात. पॉइंट टू टूचं शिसं उघडं असतं, म्हणून रेंजवर डबा उघडून पोहे खाण्याआधी हात साबणाने धुवा. मुलांच्या बाबतीत तर हट्टाने. घरात रायफल कुलूपबंद कपाटात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ल्या मुलांना माहीत नसलेल्या जागी.

आणि रेंजची बॅग प्रवासाला कधीही वापरू नका. भारतात उतरताना बॅगेच्या शिवणीत अडकलेलं एखादं काडतूस सापडलं, तर विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. सुट्टीला निघण्याच्या आदल्या रात्री मी सगळ्या बॅगांचे सगळे कप्पे उलटे करून झटकतो, जॅकेटचे खिसेसुद्धा.