जुनी वही लगेच मिटू नका
बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या पिढीजात दुकानात वहीऐवजी संगणकावर बिले करायचे ठरले, तरी निदान महिनाभर दोन्ही हिशेब सोबत चालवावेत आणि रोज रात्री दुकान वाढवताना गल्ल्यातली रोकड, यूपीआयची जमा व उधारी या रकमा दोन्हीकडे जुळतात का, ते पाहावे. फरक आढळल्यास त्याचे कारण त्याच रात्री वहीच्या समासात लिहावे. पुष्कळदा परत आलेला माल किंवा तोंडी दिलेली सूट नोंदवायची राहिलेली असते, आणि ते मालकाआधी गल्ल्यावरच्या माणसाला ठाऊक असते. म्हणून आधी त्याला विचारावे. योजना, कृती, पडताळणी आणि सुधारणा या व्यवस्थापनातल्या चक्रात मला पडताळणीच सर्वांत मोलाची वाटते. महिना पूर्ण झाला आणि सलग 15 दिवस फरक शून्य राहिला, की वही बंद करावी.