दोन वेगळे मॉनिटर एकाच कॉम्प्युटरला जोडताय? या चुका टाळा

एक मॉनिटर २७ इंची फोर-के (म्हणजे ३८४० बाय २१६० पिक्सेल), दुसरा २४ इंची जुना फुल एचडी, आणि दोन्हीवर सगळं सारखं दिसावं म्हणून लोक पहिलं काम काय करतात, तर मोठ्याचं रिझोल्यूशन उतरवून १९२० बाय १०८० करून टाकतात. नका हो असं करू. चारातले तीन पिक्सेल वाया जातात आणि अक्षरं जाडीभरडी दिसतात. दोघांना आपापल्या मूळ रिझोल्यूशनवरच ठेवा आणि फरक स्केलिंगने (डिस्प्ले सेटिंगमध्ये अक्षरं, आयकॉन टक्क्यांनी मोठे करायची सोय) भरून काढा. मोठ्यात इंचाला साधारण १६३ पिक्सेल, छोट्यात ९२, म्हणून छोटा १०० टक्क्यांवर असेल तर मोठा १७५ वर ठेवला की अक्षरं जवळपास एका मापाची होतात. विंडोज बहुतेकदा १५० सुचवतं, पण मी दोन्हीकडे एकच पान उघडतो आणि सरळ स्क्रीनला पट्टी लावून एका ओळीची उंची मोजतो. दोन मिनिटांचं काम आहे, पण तेवढाही धीर धरवत नाही लोकांना.

दुसरी चूक बघून तर मला खरंच वाईट वाटतं, कारण तिच्यात माणसाचे दिवस जातात. एका मित्राने नवा फोर-के घेतला आणि तेव्हापासून माऊस चिकटल्यासारखा चालायला लागला. त्याने ड्रायव्हर बदलले, माऊस बदलला, शेवटी अख्खं विंडोज नव्याने टाकलं, तरी तेच. मी जाऊन एक विंडो धरून गोल फिरवली तर ती ठेचकाळत चालली होती. सेटिंगमधलं ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडलं तर तिथे रिफ्रेश रेट ३० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला चित्र फक्त ३० वेळा बदलतंय! लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट जुन्या १.४ आवृत्तीचा, तो फोर-केला ३० च्या वर जातच नाही, मग विंडोज कितीदाही टाका. त्याच्या यूएसबी-सी पोर्टमधून डिस्प्ले निघत होता (सगळ्याच यूएसबी-सीतून निघत नाही, मॅन्युअल बघा), तिथून डिस्प्लेपोर्टची केबल मोठ्याला लावली, ६० मिळाले, आणि एचडीएमआय छोट्याला दिली, कारण फुल एचडी ६० वर चालवायला १.४ भरपूर झालं. म्हणजे दमदार पोर्ट मोठ्याला, अशक्त पोर्ट छोट्याला. केबल लावण्याआधी हे ठरवा, आणि काहीही फॉरमॅट करण्याआधी रिफ्रेश रेट बघा.

माऊस कडेला अडतोय? डिस्प्ले सेटिंगमध्ये प्रत्येक मॉनिटरचा एक चौकोन दिसतो, आणि हे चौकोन पिक्सेलच्या हिशोबाने काढलेले असतात, त्यामुळे टेबलावर दोघांची उंची जवळपास सारखी असली तरी तिथे फोर-के दुप्पट उंच दिसतो, आणि ज्या भागाला शेजारी चौकोनच नाही तिथे माऊस भिंतीला लागल्यासारखा थांबतो. मी चौकोन ओढून खालच्या कडा जुळवतो, कारण माझा हात सारखा टास्कबारकडे जातो. तुमचा वर जात असेल तर वरच्या जुळवा.

ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डातच लावा, मदरबोर्डच्या पोर्टात नको.

एका पोर्टातून दोन मॉनिटर जोडणारा स्प्लिटर घेऊ नका, त्याने एकच चित्र दोनदा दिसतं, जागा वाढत नाही.

आणि कन्व्हर्टर घेताना दिशा बघा. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय मॉनिटरला जाणारी स्वस्त केबल उलटी लावून चालत नाही. कॉम्प्युटर एचडीएमआय आणि मॉनिटर डिस्प्लेपोर्ट असेल तर ॲक्टिव्ह (आतल्या चिपने सिग्नल बदलणारा) कन्व्हर्टरच लागतो, ज्याला बहुतेकदा यूएसबीतून वेगळी पॉवरही द्यावी लागते.