साध्या सायकलला मोटर बसवताना: एक्सल आधी, वायरी नंतर

ज्याला सायकलचं चाक काढून परत घालता येतं, त्याला हब मोटरचा, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातच असणाऱ्या मोटरचा, संच बसवायला एक दिवस पुरतो. लोक घाबरतात ते वायरींना. पण हल्लीच्या संचात कनेक्टर रंगाला रंग लावून जोडायचे असतात, आणि तिथे चूक झाली तर बहुतेक वेळा सायकल चालत नाही एवढंच. खरा घोळ होतो मागच्या एक्सलपाशी. म्हणून निम्मा दिवस तिथे जाऊ द्या.

आधी सायकल बघा. २६ इंची चाकं, लोखंडी फ्रेम आणि व्ही-ब्रेक किंवा डिस्क ब्रेक असलेली गिअरची सायकल सगळ्यात सोयीची. रॉड ब्रेकच्या काळ्या सायकलच्या नादी लागू नका. पावसात तिच्या गुळगुळीत लोखंडी रिमवर ब्रेक धरत नाहीत, आणि आता तर वर सात-आठ किलो वजन आणि ताशी २५ किमी वेग येणार आहे.

मागच्या चिमट्यात एक्सल बसतो तिथलं आतल्या बाजूचं अंतर पट्टीने मोजा. गिअरच्या सायकलींत ते बहुधा १३५ मिमी असतं, बिनगिअरच्या सायकलीत कमी. संच त्या मापाचाच घ्या. चिमटा ताणून फाकवायचा नाही. पुढच्या चाकाला मोटर लावणं सोपं दिसतं, पण सस्पेन्शनच्या किंवा ॲल्युमिनियमच्या चिमट्याच्या उथळ खाचेतून एक्सल निसटला तर माणूस थेट तोंडावर पडतो. मोटर मागेच बरी.

संच निवडताना ३६ व्होल्ट, २५० वॅटची गिअर असलेली हब मोटर घ्या. तिच्यात आत क्लच असतो, त्यामुळे बॅटरी संपली तरी पॅडल जड जात नाही. २६ इंची चाकाचा घेर सुमारे २.०७ मीटर, म्हणजे मिनिटाला २०० फेऱ्या झाल्या की ताशी २५ किमी होतात. यापेक्षा जास्त फेऱ्यांची मोटर घेण्यात अर्थ नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत नोंदणीतून सूट आहे ती सलग अर्धा तास देता येणारी शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किमीच्या आत असणाऱ्या वाहनाला, आणि तीही पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेने मंजूर केल्यावर. विक्रेत्याकडे त्या मंजुरीचा कागद मागाच.

बॅटरी १० अँपिअर-तासांची लिथियम घ्या. तिच्यात ३६० वॅट-तास मावतात. पॅडल न मारता नुसत्या थ्रॉटलवर (हँडलवरच्या वेगाच्या मुठीवर) साधारण ३० किमी, पॅडल मारत गेलात तर ४० ते ४५. शिसं-आम्लाच्या तीन बॅटऱ्या स्वस्त पडतात, पण दहा-बारा किलोंचं ओझं कॅरियरवर हलत राहतं. जुन्या लॅपटॉपमधले सेल जोडून केलेला पॅक फुकट मिळाला तरी घरात आणू नका.

चाक आणि एक्सल

जुनं फ्रीव्हील पुलरने काढून मोटरच्या हबवर चढवा. टायर-ट्यूब घालून चाक चिमट्यात बसवा आणि रिम मधोमध येते का बघा. येत नसेल तर सायकलवाल्याकडून आऊट काढून घ्या.

मोटर चाक पुढे ढकलते तेव्हा एक्सल तेवढ्याच जोराने उलटा फिरायला बघतो. साध्या सायकलच्या एक्सलवर असा जोर कधी येत नाही, म्हणून नुसत्या नटांवर भरवसा नको. एक्सल १२ मिमीचा असतो आणि दोन्ही बाजूंनी १० मिमीपर्यंत सपाट घासलेला. त्या सपाट बाजू खाचेत घट्ट बसायला हव्यात. रंगाचा थर आड येत असेल तर कानशीने रंग तेवढा काढा, लोखंड नाही. दाताचा वायसर आतून लावा, दात खाचेत. बाहेरून टॉर्क आर्म, म्हणजे एक्सलला फिरू न देणारी पट्टी, एक्सलवर घालून तिचं दुसरं टोक क्लॅम्पने चिमट्याला आवळा, मग साधा वायसर, मग नट. बहुतेक संचांत नटाला १८ चा पाना लागतो. ३५ ते ४० न्यूटन-मीटर जोर द्या.

हे चुकलं की काय होतं? एक्सल खाचेत गरकन फिरतो, त्याच्या पोकळीतून बाहेर येणारी वायर पिळली जाते, आतल्या तारा एकमेकींना चिकटतात आणि मोटरला वीज पुरवणारी पेटी, म्हणजे कंट्रोलर, तीही जाते. म्हणून नट आवळल्यावर एक्सल, नट आणि चिमटा यांवरून नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा. पहिल्या ५० किमीनंतर ती तुटलेली दिसली तर नट सैल झाला आहे. त्याच वेळी स्पोकही तपासा, नव्या चाकाचे स्पोक हमखास ढिले पडतात.

बाकीची जोडणी

पॅडल फिरतंय हे ओळखून मोटर चालू करणाऱ्या पॅडल सेन्सरची चुंबकांची चकती क्रँकजवळ बसते. चकती आणि सेन्सरमध्ये २-३ मिमी अंतर ठेवा. चकती उलटी बसली तर मोटर फक्त मागे पॅडल मारल्यावर चालू होते. ही चूक फार जण करतात आणि दोष सेन्सरला देतात.

ब्रेकचे नवे लिव्हर दाबताच मोटरची वीज तोडणारे असतात, ते गाळू नका. मोटरच्या वायरीचा गोल कनेक्टर जोडताना दोन्हीकडचे बाण समोरासमोर आणा आणि सरळ ढकला. पिळलात तर आतली बारीक पिन वाकते.

कंट्रोलर असा लावा की वायरी खालून बाहेर येतील. प्रत्येक वायरीला आत शिरण्याआधी खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोळाशीच टपकेल. बॅटरीच्या धन वायरीत २० अँपिअरचा फ्यूज हवाच. बॅटरी सगळ्यात शेवटी जोडा. तेव्हा होणारी छोटी ठिणगी कंट्रोलरमधल्या कपॅसिटरची असते.

पहिली चाचणी मागचं चाक उचलूनच घ्या. थ्रॉटल हळू द्या, चाक फिरत असताना ब्रेक दाबा. मोटर लगेच बंद व्हायला हवी. चाक थरथरत गुरगुरत असेल तर फेजच्या (मोटरला वीज देणाऱ्या) आणि हॉलच्या (चाकाची स्थिती कळवणाऱ्या) वायरींचा क्रम जुळलेला नाही. तसंच रेटू नका, मोटर तापते. कंट्रोलरला सेल्फ-लर्निंगची वायरजोडी असेल तर चाक हवेत असतानाच ती जोडा, क्रम तो स्वतः शोधतो.

चढावर थ्रॉटल सोडून पॅडल मारा. शंभर किलोंचा भार ६ टक्के चढावर ताशी १० किमीने चढवायला चाकाशी सुमारे १८० वॅट लागतात. वेग दुप्पट केलात तर ते मोटरच्या आवाक्याबाहेर जातं.

उन्हातून आल्या आल्या चार्जिंग लावू नका, तासभर थांबा. ४२ व्होल्टचा संचासोबतचाच चार्जर वापरा, २ अँपिअरच्या चार्जरला पाचेक तास लागतात. रात्रभर लावून झोपू नका आणि बाहेर पडायच्या दाराशी तर नकोच. पावसाळ्यात सायकल महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरी अर्धी भरून कोरड्या जागी ठेवा. रस्त्यावरचं पाणी हबपर्यंत पोचत असेल तर त्यात सायकल घालू नका. मोटरच्या आत शिरलेलं पाणी सहज बाहेर येत नाही, गंज मात्र लगेच धरतो.