पिल्लाला जग दाखवा, पण कडेवर घेऊन

कुत्र्याचं पिल्लू 3 ते 14 आठवड्यांचं असतं तोवर नवी माणसं, नवे आवाज त्याला सहज पचतात. नंतर त्यांचीच भीती बसू शकते. म्हणून सगळ्या लसी पूर्ण होण्याची वाट पाहू नका. पहिली लस झाली की आठवड्याभराने कडेवर घेऊन निघा. रस्त्यावर मात्र सोडू नका, पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबांच्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो.

सोलापुरातल्या यंत्रमागाची खडखड आधी लांबून, 5 मिनिटंच ऐकवा आणि तेवढ्यात उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे भरवा. शेपूट पायांत गेलं, खाणं नाकारलं तर लगेच मागे फिरा. ओढत जवळ नेलं तर भीती कायमची घर करू शकते. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत तर नेऊच नका.

लसी झाल्यावरही सोलापूरच्या उन्हाळ्यात फिरणं सकाळी लवकर उरका. डांबरावर तळहाताची मागची बाजू 5 सेकंद टेकवून ठेवता येत नसेल, तर पंजेही भाजतील.