ऑस्ट्रेलियाला जाताना डाळ-जिरं जप्त होतं ते का? या चुका टाळा

मेलबर्न-सिडनीला मुलांकडे निघालेल्या आईवडिलांच्या बॅगेत तूरडाळ, जिरं, धने हमखास असतात आणि तिथेच गाडं अडतं.

"माझी बॅग, वॉरंटशिवाय उघडता कशी?" असा वाद घालू नका. ऑस्ट्रेलियाच्या बायोसिक्युरिटी अ‍ॅक्ट 2015 (बाहेरून कीड-रोग येऊ नयेत म्हणून केलेला कायदा, 16 जून 2016 पासून लागू) नुसार बाहेरून आलेला माल देशाच्या हद्दीत शिरताच जैवसुरक्षा नियंत्रणाखाली जातो आणि अधिकाऱ्याने मोकळा करेपर्यंत तसाच राहतो. तपासणं, नमुना घेणं, अडकवून ठेवणं, नष्ट करायला लावणं, हे सगळे अधिकार त्यातूनच येतात. माल तुमचाच असतो, पण निर्णय तुमचा नसतो. अधिकाऱ्याचा आदेश मोडला तर तो वेगळा गुन्हा ठरतो.

सगळ्यात महाग पडते ती इनकमिंग पॅसेंजर कार्डावरची, म्हणजे उतरताना सामानात काय आहे हे जाहीर करायच्या फॉर्मवरची "नाही"ची खूण. "हो" लिहिलं तर वस्तू जाईल, या भीतीने लोक लपवतात. वस्तू जाईलही, पण जाहीर केलेल्या वस्तूबद्दल दंड होत नाही, ती बंदी असलेली असली तरी. लपवलेली सापडली तर हजारो डॉलरचा दंड होऊ शकतो, आणि तात्पुरता व्हिसा रद्दही होऊ शकतो. ऑक्टोबर 2019 मध्ये सिडनीहून एका पर्यटक बाईला याच कारणाने परत पाठवलं होतं. तिच्या सामानात कच्चं डुकराचं मांस निघालं होतं. शंका असेल तिथे "हो" लिहा. खूण चुकली असेल तर बॅग एक्स-रेवर जाण्याआधी, विचारायची वाट न पाहता सांगा. बॅग सुनेने भरली हे कारण चालत नाही. कार्डावर सही ज्याची, जबाबदारी त्याची.

"कंपनीचं सीलबंद पाकीट आहे" म्हणून निर्धास्त राहू नका. 2020 पासून तांदूळ, हरभरे, मूग, मसूर, तूर, जिरं, धने, बडीशेप, शेंगदाणे, सुक्या मिरच्या प्रवासी सामानातून नेता येत नाहीत. कारण खापरा भुंगेरा, साठवलेल्या धान्याची कीड. याची अळी फटीत लपून अन्नाशिवाय काही वर्षं तग धरते, म्हणून पाकीट वरून स्वच्छ दिसणं पुरेसं नाही. कारखान्यात भाजलेल्या, तळलेल्या, उकडलेल्या मालाला सवलत आहे. घरची भाजणी त्यात बसते असं गृहीत धरू नका.

ताजा कढीपत्ता तर नकोच: लिंबूवर्गीय झाडांना ग्रीनिंग रोग देणारी सिट्रस सायला ही कीड कढीपत्त्यावर पोसते. पेढे-बर्फी दुधाचे, म्हणून अडकतात लाळ्या-खुरकूत या गुरांच्या रोगामुळे. हा रोग तिथे 1872 नंतर आलेला नाही, भारतात मात्र आहे. आईने प्रेमाने केले म्हणून कायदा विरघळत नाही. शेतात घातलेले बूटही घासून, चिखल काढून न्या आणि कार्डावर लिहा.

वस्तू अडवली की लोक घाईत "टाका" म्हणतात. आधी विचारा: कीड मारायची प्रक्रिया करून मिळेल का? परत पाठवता येईल का? दोन्हीचा खर्च तुमचा, शिवाय प्रक्रियेत वस्तू खराब होऊ शकते. अर्धा किलो जिऱ्यासाठी हा हिशोब कधीच जमत नाही. पिढीजात लाकडी देवघराला कीड दिसली, तर जमतो.